पट्टी दाबली, सूर उशिरा का?

स्नेहसंमेलनाच्या तालमीत एकदा आम्ही फसलो. स्वस्तातला एक सिंथेसायझर संगणकाला जोडला होता. सूर संगणक तयार करी आणि ते स्पीकरमधून ऐकू येत. वाजवणारी नववीतली मुलगी ठोक्याच्या किंचित मागे पडत होती. ‘अगं, लय सांभाळ!’ असे आम्ही तिला तीनदा बजावले. शेवटी वैतागून तिने संगणक बाजूला केला आणि वाद्य थेट ॲम्प्लिफायरला जोडले. लय चोख बसली. चूक तिची नव्हतीच.

मग कोणाची? आधी तारेवर संशय घेऊ. वाद्यातून संगणकाकडे जाते त्या मिडी तारेतून ध्वनी जातच नाही. जातो फक्त निरोप. ‘६० क्रमांकाची पट्टी ९० इतक्या जोराने दाबली’, एवढाच. (६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, जोर १ ते १२७ मध्ये मोजतात.) पट्टी सोडली की दुसरा निरोप. ही निरोपांची भाषा जपानी व अमेरिकी वाद्यनिर्मात्यांनी मिळून ठरवली. १९८३ पासून ती चालू आहे. मूळच्या गोल मिडी तारेतून सेकंदाला ३१,२५० बिट जातात. एक निरोप ३० बिटांचा. भागाकार केला तर जेमतेम १ मिलिसेकंद! तार निर्दोष आहे.

उशीर होतो तो संगणकात. संगणक ध्वनीचे सेकंदाला ४४,१०० नमुने तयार करतो, पण ते एकेक करून पुढे देत नाही. बादली भरली की मगच ती पुढे सरकवतो. या बादलीला ‘बफर’ म्हणतात. बफर २,०४८ नमुन्यांचा असेल तर तेवढ्यानेच ४६ मिलिसेकंद जातात. हवेत ध्वनी तेवढ्या वेळात सुमारे १६ मीटर जातो. म्हणजे आम्ही त्या मुलीला स्पीकरपासून १६ मीटर दूर बसवून वर लय सांभाळायला सांगत होतो! बफर १२८ नमुन्यांचा केला तर उशीर ३ मिलिसेकंदांवर येतो. पण संगणक मंद असेल तर बादली वेळेत भरत नाही आणि आवाजात चरचर येते.

म्हणून रंगमंचावर वाद्याचेच सूर थेट ॲम्प्लिफायरला द्यावेत, मग ते थोडे साधे का असेनात. ध्वनिमुद्रण करतानाही कानावर वाद्याचाच सूर असू द्यावा आणि संगणकाने फक्त निरोप टिपावेत. मागाहून त्याच निरोपांवर हवा तो आवाज चढवता येतो, चुकलेला एखादा सूरही सुधारता येतो. शिवाय मिनिटभराच्या स्टिरिओ ध्वनीला सुमारे साडेदहा मेगाबाइट जागा लागते. निरोपांना काही किलोबाइट पुरतात.

उशीर वर्गातही मोजता येईल. पट्टीवर बोट जोराने आपटा. पट्टीची टकटक आणि स्पीकरचा सूर, दोन्ही एकाच मोबाइलवर मुद्रित करा. ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत तरंग मोठा करून दोहोंमधले अंतर मोजा. मोबाइल मात्र पट्टी व स्पीकर या दोहोंच्या अगदी जवळ हवा. सुमारे ३४ सेंटिमीटर अंतरामागे १ मिलिसेकंदाची चूक होते.