तबकडीवरील तीन मिनिटांचे गाणे

गायनविद्या गुरुमुखातूनच मिळावयाची, हा आपल्याकडील जुना दंडक. विसाव्या शतकाच्या आरंभी एका यंत्राने त्याला धक्का दिला. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे ग्रामोफोनसाठी उतरवून घेण्यात आले, आणि जे गाणे ऐकावयास पूर्वी दरबारात किंवा बैठकीत प्रवेश मिळवावा लागे, ते हळूहळू रस्त्याने जाणाऱ्या पोराच्याही कानी पडू लागले. या तबकड्यांनी होतकरू गवयांना काय दिले आणि काय देता आले नाही, हा विषय नाशिककरांना जवळचा वाटावा. पंचवटीत आश्रम स्थापणारे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर, त्यांचे शिष्य आणि पुत्र यांची नावे या कथेत पुनःपुन्हा येतात.

ती तबकडी लाखेची असे. आरंभीच्या वर्षांत आपल्या रानातील लाख परदेशी जाई आणि जर्मनीतील हॅनोव्हर येथे गाण्याचा ठसा घेऊन इकडे परत येई. मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे, एवढीच मर्यादा. ज्या ख्यालास बैठकीत घटकाभर लागे, तो गवयास एवढ्यात बसवावा लागे. विलंबित लयीचा विस्तार त्यामुळे बाहेरच राही. प्रारंभी कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावे लागे. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि हळुवार आवाजातील बारकावेही उमटू लागले. आणखी एक अडचण विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नसे. यंत्राची किल्ली उतरली म्हणजे तबकडी मंदावे, आणि लयीबरोबर स्वरही खाली येई. त्या स्वराला प्रमाण मानून गळा लावणाऱ्याची फसगत ठरलेली.

तरीही त्या तीन मिनिटांचे सामर्थ्य विलक्षण होते. भीमसेन जोशी यांचा जन्म १९२२ सालचा. बालपण गदग येथे गेले. शाळकरी वयात अब्दुल करीम खाँसाहेबांची वसंत रागातील चीज आणि झिंझोटीतील ठुमरी त्यांनी तबकडीवर ऐकली. असे गाणे आपल्याला आले पाहिजे, या ध्यासाने त्यांनी घर सोडले. ग्वाल्हेर, कलकत्ता अशी वणवण करीत ते जालंधरास पोचले. तेथे विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन यांनी त्यांना परत फिरण्याचा सल्ला दिला: घराजवळ कुंदगोळास सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे शीक. सवाई गंधर्व हे त्याच खाँसाहेबांचे शिष्य! ज्या गायकीसाठी मुलगा उत्तरेत भटकला, ती त्याच्या घरापासून काही कोसांवर नांदत होती. तबकडीवर गवयाचे नाव छापलेले असते; त्याच्या शिष्याचा पत्ता नसतो.

कुमार गंधर्वांची हकीकत निराळी. बेळगावनजीक सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेला हा बालक तबकडीवर ऐकलेले गाणे तानांसह हुबेहूब म्हणून दाखवी, आणि मोठमोठ्या सभा थक्क होत. परंतु नक्कल कितीही सरस असली तरी तीत पुढची तान स्वतः सुचत नाही. १९३६ साली त्यांना मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्या स्वाधीन करण्यात आले. देवधरही विष्णु दिगंबरांचेच शिष्य. जो मुलगा सर्वांचे गाणे गात असे, त्याचे स्वतःचे गाणे येथे घडू लागले. पुढे या कुमारांनी इतके स्वतंत्र गाणे निर्माण केले की, त्यांचीच नक्कल करणाऱ्यांची पिढी उभी राहिली. हाही काळाचा विनोदच म्हणावयाचा.

दीर्घ तबकड्या आल्यावर एका बाजूस वीस मिनिटे मिळू लागली. उस्ताद अमीर खाँ यांच्या तबकडीवर एका बाजूस मारवा व दुसऱ्या बाजूस दरबारी आहे. अतिविलंबित लयीत राग कसा उलगडतो, हे कित्येक तरुणांना प्रथम तिनेच दाखविले.

आता नाशिकच्या सुपुत्राविषयी. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर येथे १९२१ साली जन्मले. १९३१ साली पितृछत्र हरपले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. शिक्षण विनायकबुवांपाशी झाले, १९३५ साली जालंधरच्या हरवल्लभ संमेलनात ते गायले आणि १९४४ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. ऑक्टोबर १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते गेले. ज्याच्यापुढे शिकविण्याची तीस-चाळीस वर्षे असावयाची, त्याच्या गाण्याचा आधार आज मुख्यत्वे ध्वनिमुद्रणांचाच आहे. श्री, गौडसारंग यांसारख्या रागांतील चिजा आणि तुलसीदास, मीराबाई यांची भजने ऐकावीत. स्थायी, अंतरा, आलाप, तान ही सर्व अंगे थोडक्या वेळात प्रमाणबद्ध बसलेली आढळतात, आणि शब्द कोठेही चिरडलेला नसतो. नवशिक्याला याहून स्वच्छ धडा मिळणे कठीण.

पिता विष्णु दिगंबरांनी स्वरलिपीची पुस्तके छापून गाणे घरोघर पोचविले होते. स्वरलिपीत चिजेचा सांगाडा मिळतो. मींड, श्वास आणि शब्दावरील हलका आघात तबकडीतच सापडतो. म्हणून विद्यार्थ्याने एखादी चीज आधी स्वरलिपीवरून बसवावी, मग तबकडी लावावी, आणि कागदावर नसलेले काय काय ऐकू आले याची टिपणे करावीत. ताना मात्र पाठ करू नयेत. श्री रागातील आपला कोमल ऋषभ नेमका लागला की नाही, हे तबकडी सांगत नाही. तंबोरा जुळवून समोर बसलेल्या गुरूलाच ते विचारावे लागते.