टायबरच्या खोऱ्यांतील नाईक

त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत, माणगांव तालुक्यांत पळसगांव म्हणून एक खेडें आहे. तेथला यशवंत घाडगे हा १६ नोव्हेंबर १९२१ रोजीं जन्मला आणि १० जुलै १९४४ रोजीं इटलींत पडला. तेविसावें वर्ष नुकतें कोठें अर्धें उलटलें होतें.

पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणींत तो नाईक होता. ही पलटण दहाव्या हिंदी डिव्हिजनबरोबर टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत डोंगरामागून डोंगर घेत उत्तरेकडे चालली होती. त्या दिवशीं त्याच्या हाताखालच्या तुकडीवर अगदीं जवळून मशीनगनचा मारा झाला. सगळे सोबती मेले किंवा घायाळ झाले. उभा राहिला तो एकटा नाईक. आडोसा धरून पडून राहिला असता, तर त्याला कोण नांवें ठेवणार होतें? तो सरळ मोर्चावर धांवून गेला. हातबाँबनें तोफ व ती चालविणारा असे दोन्ही त्यानें निकामी केले, टॉमीगननें आणखी एकाला टिपलें. पुढें मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. तेव्हां बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना त्यानें दस्त्यानेंच लोळविलें. इतक्यांत दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातींत व पाठींत शिरल्या, आणि स्वतः जिंकलेल्या मोर्चांतच त्यानें प्राण सोडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींत तो मान मिळविणाऱ्या सहा हिंदी सैनिकांत मराठा पलटणींचे दोघे; दुसरे नामदेव जाधव, ते जिवंत परतले.

हे लढले ते इंग्रजांसाठीं, असें म्हणून आमच्यासारख्या घरांतून हा विषय लौकर मिटविला जातो. (त्या काळीं आमच्यांत युद्ध म्हणजे रेशनचा तांदूळ आणि वर्तमानपत्रांतला नकाशा!) पगार व हुकूम इंग्रजांचा होता हें खरेंच, पण सोबती पडल्यावर पुढें झेंपावण्याचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता.

त्याला ज्ञात अशी कबर नाहीं. कसिनो येथील स्मारकावर नांव तेवढें कोरलेलें आहे. माणगांवांत त्याचा पुतळा आहे. मुंबई-गोवा रस्त्यानें जातांना आपण चहाला थांबतों तें हेंच माणगांव. आणि २०२३ सालीं टायबरच्या त्याच खोऱ्यांतील मोंतोने या गांवीं इटालियन लोकांनीं त्याच्या नांवें एक सूर्यघटिका उभारली.