नदीवरची संध्याकाळ आणि ताईंची लिची

दोन वर्षांपूर्वी ऑगस्ट महिन्यात आम्हाला अमेरिकेतील टेक्सास राज्यात जाण्याचा योग आला. आमच्या थोरल्या ताईंचा धाकटा मुलगा तेथे ऑस्टिन शहरात नोकरीला आहे. तो आईला कित्येक दिवस बोलावीत होता. पण एकटीने एवढा लांबचा प्रवास करायला ताई तयार नव्हत्या. शेवटी मी आणि आमची मंडळी सोबतीला निघालो.

आपल्या बेटावर ऑगस्ट म्हणजे थंडीचे दिवस. सहा वाजता सूर्य मावळतो. टेक्सासमध्ये सगळे उलट. दुपारी ऊन असे की दाराबाहेर पाऊल टाकवत नाही, आणि सूर्य मावळतो आठ वाजून गेल्यावर. त्यामुळे तेथे फिरणे म्हणजे संध्याकाळचेच.

एक दिवस भाचा म्हणाला, "मामा, उद्या नदीवर जायचे. मी अख्खी होडी ठरवली आहे. फक्त आपली माणसे. सूर्यास्त पाहू, आणि मग एक गंमत दाखवतो."

"कसली गंमत?" ताईंनी विचारले.

"वटवाघळे, आई."

ताईंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "वटवाघळे पाहायला मी सातासमुद्रापलीकडे आले का रे? ती माझ्या अंगणात पुष्कळ आहेत!"

ताईंचा राग का, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. त्यांचे घर कास्कावेलला. दारात लिचीचे मोठे झाड आहे, ते त्यांच्या सासऱ्यांनी लावलेले. डिसेंबरात त्या झाडाची फळे टोपल्या भरभरून नात्यागोत्यात जायची. अलीकडे मात्र फळ लाल होऊ लागले की रात्री झाडावर फडफड सुरू होते, आणि सकाळी अंगणात अर्धवट खाल्लेल्या लिचींचा सडा पडलेला असतो. २०१५ साली सरकारने वटवाघळे मारण्याचे ठरवले, तेव्हा ताई म्हणाल्या होत्या, "उशिरा का होईना, कोणीतरी ऐकले."

होडीत बसलो

दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या तासभर आधी आम्ही धक्क्यावर पोहोचलो. होडी लहानशी, वर छप्पर, दोन्ही बाजूंना बाके. लहानमोठी धरून आम्ही नऊ माणसे. होडी चालवणारी एक तरुण मुलगी होती. तिने कळ दाबली आणि होडी आवाज न करता पाण्यावर सरकू लागली. या पाण्यावर पेट्रोलच्या मोटरबोटींना बंदी आहे. बॅटरीवरच्या होड्या चालतात, नाहीतर हाताने वल्ही मारायची. धूर नाही, घरघर नाही, म्हणून काठावरची पाखरे माणसाला फारशी भीत नाहीत.

ही नदी कोलोरॅडो. पण ग्रँड कॅन्यनमधून वाहणारी प्रसिद्ध कोलोरॅडो ती ही नव्हे. ही टेक्सासमध्येच उगम पावते आणि मेक्सिकोच्या आखाताला मिळते. १९६० साली शहराच्या पूर्वेला धरण बांधले, तेव्हापासून येथे नदीचा लांबट तलाव झाला. त्याला आधी टाऊन लेक म्हणत. २००७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या पत्नी लेडी बर्ड जॉन्सन वारल्या. या काठांवर झाडे लावावीत म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली होती. त्याच वर्षी तलावाला त्यांचे नाव देण्यात आले.

सूर्य उतरणीला लागला होता. बुडालेल्या ओंडक्यांवर कासवे एकामागे एक रांगेने बसली होती. सायप्रसच्या झाडाखाली एक मोठा बगळा एका पायावर उभा होता. हंसांची एक जोडी आमच्या अगदी जवळून गेली, तेव्हा नातवंडांनी टाळ्या पिटल्या. एका बाजूला काचेच्या उंच इमारती आणि दुसऱ्या बाजूला हे सगळे. मधे पाणी सोन्यासारखे चमकत होते. ताईसुद्धा खूश दिसल्या. मात्र वटवाघळांचे नाव कोणी काढले नाही.

पुलाची कहाणी

सूर्य टेकताच होडी काँग्रेस अॅव्हेन्यू पुलाजवळ येऊन थांबली. हा पूल १९१० सालचा. टेक्सासच्या राज्यपाल ॲन रिचर्ड्स यांचे नाव त्याला पुढे, २००६ मध्ये, जोडले गेले. पुलावर पाहतो तो कठड्याला लागून माणसेच माणसे. काठावरच्या गवतावर लोक चादरी पसरून बसले होते. आपल्याकडे विसर्जनाच्या दिवशी समुद्रकाठी जशी गर्दी होते तशी. होडीवालीने मोटर बंद केली आणि आम्हाला हकीकत सांगितली.

१९८० साली या पुलाची दुरुस्ती झाली. काँक्रीटच्या तुळयांमध्ये अंगठाभर रुंद आणि हातभर खोल अशा लांब फटी राहिल्या. इंजिनियरांच्या मनात काहीच नव्हते. पण वटवाघळांना अशीच जागा हवी असते. आत ऊब राहते आणि शत्रूचा हात पोहोचत नाही. मेक्सिकोहून दर वसंतात उत्तरेला येणारी लहान वटवाघळे हजारोंनी, मग लाखोंनी तेथे राहू लागली.

शहर घाबरून गेले. वर्तमानपत्रांतून भीतीच्या बातम्या आल्या. ही वटवाघळे पिसाळल्याचा रोग पसरवतील, ती मारून टाका, अशी मागणी होऊ लागली. त्यासाठी लोकांच्या सह्या गोळा झाल्या.

त्या वेळी मर्लिन टटल नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९८२ साली वटवाघळांच्या रक्षणासाठी एक संस्था काढली होती. १९८६ मध्ये ते ती संस्था घेऊन ऑस्टिनलाच राहायला आले. त्यांनी भांडण केले नाही. ते लोकांना भेटत राहिले, छायाचित्रे दाखवत राहिले आणि दोनच गोष्टी सांगत राहिले. एक, वटवाघळाला हात लावू नका, म्हणजे ते तुम्हाला काही करणार नाही. रोगी वटवाघळे फार थोडी असतात. दुसरी, ही रोज रात्री काय खातात ते पाहा.

ती काय खातात? पुलाखालचा हा थवा एका रात्रीत दहा ते वीस हजार पौंड किडे फस्त करतो, असा तेथला अंदाज आहे. त्यांत शेताची नासाडी करणारे पतंगही आले. दक्षिण टेक्सासमधल्या आठ जिल्ह्यांच्या कापूसपट्ट्याचा हिशेब शास्त्रज्ञांनी २००६ साली मांडला. तेथे अशी वटवाघळे शेतकऱ्यांचे वर्षाला सुमारे ७ लाख ४१ हजार डॉलर वाचवतात असे निघाले.

हळूहळू लोकांचे मत फिरले. ज्या शहराला ती मारायची होती, तेच शहर आज त्यांच्यासाठी संध्याकाळी नदीवर जमते. त्यांना पाहायला दर वर्षी एक लाखाहून अधिक माणसे येतात. होड्यांचा धंदा उभा राहिला, खाणावळी चालल्या.

ती बाहेर पडली

आधी वास आला. गोठ्यासारखा उग्र वास. मग पुलाखालून किलकिल ऐकू येऊ लागली. कोणी बोलेना. इतक्यात फटींतून काही ठिपके सुटले, पाण्यावर एक गिरकी घेऊन परत फिरले. "ती पाहून येतात," होडीवाली हळूच म्हणाली.

आणि मग एकदम बांध फुटला. पुलाखालून काळा लोंढा निघाला आणि झाडांच्या शेंड्यांवरून पूर्वेकडे वाहू लागला. दुरून पाहिले असते तर उसाच्या गिरणीचा धूर म्हटले असते. एक लोंढा संपतो न संपतो तोच दुसऱ्या फटीतून दुसरा. ऐन हंगामात येथे साडेसात लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत वटवाघळे असतात. हवामान खात्याच्या रडारवरसुद्धा टेक्सासचे हे थवे ढगासारखे दिसतात. वरून एक ससाणा लोंढ्यात घुसला आणि काहीतरी घेऊन गेला. लोंढा तसाच पुढे गेला.

एकेक वटवाघूळ केवढेसे! वजन बारा ग्रॅमच्या आसपास. पंख पसरले तर फूटभर. पुलाखाली येतात त्या बहुतेक माद्या, गाभण असताना आलेल्या. जूनमध्ये प्रत्येकीला एकच पिल्लू होते. लाखो पिल्ले फटींमध्ये एकमेकांना चिकटून लटकत असतात, आणि आई पहाटे परत आली की आवाजावरून आणि वासावरून नेमके आपलेच पिल्लू शोधून काढते. पाचेक आठवड्यांत ती पिल्ले उडू लागतात. म्हणून ऑगस्टमध्ये हा लोंढा सर्वांत मोठा.

हे ऐकून इतका वेळ गप्प बसलेल्या ताईंनी मुलाला विचारले, "एवढ्यांतून आपलेच?"

"हो आई, आपलेच."

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "तिला विचार, यांच्या गावात लिचीची झाडे नाहीत का?"

भाच्याने विचारले. होडीवाली हसून म्हणाली, "आमची फळे खात नाहीत, किडे खातात. म्हणून आमचे काम सोपे होते."

आपली वटवाघळे

तिचे ते वाक्य मला पटले. टेक्सासचा धडा जसाच्या तसा आपल्या बेटाला लागू पडत नाही. त्यांची वटवाघळे शेतकऱ्याचे वाचवतात. आपले मोठे वटवाघूळ बागायतदाराच्या तोंडचे नेते. ज्याचे पोट लिची-आंब्यावर आहे त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही.

पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हे मोठे वटवाघूळ मॉरिशस सोडले तर शेजारच्या रेयुनियनवर थोडेसे आहे. बाकी जगात कोठेच नाही. त्याचाच एक लहान भाऊ आपल्या बेटावर होता, तो एकोणिसाव्या शतकात नाहीसा झाला. डोडो गेला, मोठी कासवे गेली. रानातल्या कित्येक झाडांची मोठी बी दूर नेऊन टाकणारे आता हेच एक राहिले आहे. चांगले मूळचे जंगल बेटावर दोन टक्केही उरलेले नाही. ते पुढे कोण पेरणार?

२०१५ साली सुमारे तीस हजार वटवाघळे मारली गेली. २०१६, २०१८ आणि २०२० मध्ये पुन्हा तेच झाले. २०१८ साली या प्राण्याची नोंद जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून झाली. आणि फळे? पहिल्या दोन मोहिमांनंतर बागायतदारांचे उत्पन्न काही वाढले नाही, असे आपल्याच बेटावरच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. वर्षाला एकच पिल्लू देणारा प्राणी एकदा संपला की पुन्हा उभा राहत नाही. नुकसान मात्र पक्षी, उंदीर आणि वारा यांच्यामुळेही होतच राहते. यालाच म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. येथे संन्यासीही थोडा चोर आहे, एवढेच!

भारतातही १९७२ च्या कायद्याने फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांत टाकले होते. २०२२ च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. आपल्या पूर्वजांच्या गावी वडाच्या झाडाला ती लटकत, म्हणून तर नावातच वड आहे.

आणखी एक गोष्ट. ऑस्टिनच्या पुलाखालच्या वटवाघळाचे एक लहान भाऊबंद आपल्या बेटावरच्या गुहांत राहते. तेही किडेच खाते. किती जणांनी ते पाहिले आहे? पिकते तेथे विकत नाही, हेच खरे.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

कोणा वाचकाचे नातेवाईक टेक्सासमध्ये असतील तर त्यांनी हे अवश्य पाहावे. वटवाघळे मार्च ते नोव्हेंबर असतात. जुलैअखेर आणि ऑगस्ट उत्तम. पाऊस नसेल तर ती लवकर निघतात, म्हणून उजेडात चांगली दिसतात. पुलावरून फुकट पाहता येते. पण होडीतून पाहावे, कारण लोंढा डोक्यावरून जातो. टोपी मात्र विसरू नये. का ते आमच्या मंडळींना विचारा! कॅमेऱ्याचा फ्लॅश लावू नये, आणि खाली पडलेल्या वटवाघळाला कधीही हात लावू नये.

झाड

परत आल्यावर त्या डिसेंबरात ताईंच्या अंगणात पुन्हा तसाच सडा पडला. ताई चिडल्याच. पण जानेवारीत त्यांनी मला बोलावून घेतले. झाड फार उंच झाले होते. जाळे टाकायचे तर आधी छाटायला हवे. सासऱ्यांच्या हातचे झाड, त्यावर करवत चालवायची म्हणून त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. करवत चालू असताना घरात बसून राहिल्या.

छाटल्यामुळे गेल्या हंगामात फळ थोडेच आले. खालच्या फांद्यांवर बारीक छिद्रांचे जाळे आम्ही ताणून बांधले, म्हणजे प्राणी त्यात अडकत नाही. वरचा शेंडा ताईंनी उघडाच ठेवायला सांगितला.

"तो कशाला?" मी विचारले.

"त्यांनाही एखादे पिल्लू असेल," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण खालची माझी. त्यांना हात लावू देणार नाही."

नाताळच्या आधी त्यांच्याकडून आम्हाला टोपली आली. पूर्वीच्या मानाने लहान होती. पण तीतले एकही फळ उष्टे नव्हते.