घाटातील मालमोटार आणि ब्रेकमधील ढिलाई

घाटात मालमोटारीला अपघात झाला की ‘ब्रेक निकामी झाले’ हे कारण सर्वप्रथम पुढे येते. या शब्दप्रयोगामुळे ब्रेक अचानक दगा देतात, असा समज रूढ झाला आहे. हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक मात्र अनेकदा एका क्षणात निकामी होत नसून दिवसेंदिवस, थोडेथोडे ढिले होत जातात. ही ढिलाई काढून टाकण्याचे काम चाकाजवळील ज्या लहानशा भागाकडे असते, त्यास ‘स्लॅक अ‍ॅडजस्टर’ म्हणतात.

ब्रेक कसा लागतो?

बहुतेक जड मालमोटारींना ड्रम ब्रेक असतात. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाकीमध्ये दाबाखाली हवा भरतो. चालकाने पेडल दाबताच ही हवा चाकाजवळच्या ब्रेक चेंबरमध्ये शिरून तेथील रबरी पडद्याला ढकलते व पडद्यापुढील दांडा बाहेर सरकतो. दांड्याच्या टोकाशी सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची एक तरफ जोडलेली असते. हाच स्लॅक अ‍ॅडजस्टर होय. तरफ वळली की तिच्याबरोबर कॅमचा दांडा फिरतो आणि त्याच्या टोकाचा, इंग्रजी ‘एस’ अक्षराच्या आकाराचा कॅम दोन्ही ब्रेक शू फाकवून त्यांवरील लायनर ड्रमवर दाबतो.

‘तीस’ क्रमांकाच्या चेंबरमधील पडद्याचे परिणामी क्षेत्रफळ ३० चौरस इंच असते. दर चौरस इंचास १०० पौंड दाब असल्यास दांड्यावर ३,००० पौंड, म्हणजे सुमारे १,३६० किलोग्रॅम इतका जोर येतो. परंतु हा जोर चाकापर्यंत पोहोचण्यासाठी दांड्याची धाव संपण्यापूर्वी लायनर ड्रमला घट्ट टेकणे आवश्यक असते.

ढिलाई घातक का ठरते?

लायनर झिजते तसे ते आणि ड्रम यांमधील अंतर वाढते व दांड्याला अधिक सरकावे लागते. वरील प्रकारच्या साध्या चेंबरमध्ये दांड्याची एकूण धाव सुमारे ६४ मिलिमीटर असते. ती ५१ मिलिमीटरपलीकडे गेली, तर ब्रेकची जुळणी बिघडली असे समजले जाते. उरलेले १३ मिलिमीटर घाटात सहज खर्ची पडतात, कारण सतत ब्रेक लावल्याने ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि लायनरपासून आणखी दूर जातो. अखेर दांडा चेंबरच्या टोकाशी अडतो. अशा वेळी दाबमापकाचा काटा पुरेसा दाब दाखवीत असतो, तरीही मालमोटार थांबत नाही. सपाट रस्त्यावर व्यवस्थित थांबणारे वाहन उतारावर अनावर होते, त्यामागे हेही एक महत्त्वाचे कारण आहे.

देखभाल

स्लॅक अ‍ॅडजस्टर दोन प्रकारचे असतात. हाताने जुळवावयाच्या प्रकारात तरफेतील बोल्ट पान्याने फिरवून लायनर ड्रमला टेकवतात व नंतर बोल्ट पाव ते अर्धा फेरा मागे घेतात. स्वयंचलित प्रकारात ही जुळणी ब्रेक लावताना व सोडताना आपोआप होत राहते. अमेरिकेत १९९४ पासून हवेचे ब्रेक असलेल्या नव्या जड वाहनांना स्वयंचलित प्रकार सक्तीचा करण्यात आला. भारतातील नव्या मालमोटारींवरही तो आता सर्रास आढळतो.

स्वयंचलित म्हणजे देखभालमुक्त, असा अर्थ मात्र घेता कामा नये. नियमित ग्रीस न मिळाल्यास आतील यंत्रणा जाम होते. असा अ‍ॅडजस्टर वारंवार हाताने आवळावा लागत असेल, तर दोष त्याच्यात अथवा झिजलेल्या बुश, पिन किंवा कॅममध्ये आहे असे समजावे. केवळ बोल्ट आवळून दोष नाहीसा होत नाही. तो काही दिवस झाकला जातो.

तपासणीची रीत सोपी आहे. वाहन सपाट जागी उभे करून चाकांना ठोकळे लावावेत, पार्किंग ब्रेक सोडावा आणि इंजिन बंद करावे. चेंबरच्या तोंडाशी दांड्यावर खडूने खूण करावी. टाकीत पुरेसा दाब असताना साहाय्यकाने पेडल पूर्ण दाबावे व खूण किती सरकली ते पट्टीने मोजावे. वाहन-उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी हे माप ताडून पाहावे. एकाच आसाच्या दोन्ही चाकांची मापे जवळपास सारखी असावीत; अन्यथा वाहन ब्रेक लावताच एका बाजूस ओढते.

चालकाची जबाबदारी

उत्तम जुळणीचे ब्रेकही चुकीच्या सवयीपुढे हतबल ठरतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यातील नवले पुलाजवळ एका मालमोटारीने उतारावर अनेक वाहनांना धडक दिली. प्रारंभी ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. पुढे चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांनी सांगितले. इंजिन बंद होताच कॉम्प्रेसर थांबतो आणि गिअरमुळे मिळणारा इंजिनाचा अटकावही नाहीसा होतो. सर्व भार ब्रेकवर पडतो व ड्रम वेगाने तापतात. म्हणून घाट खालच्या गिअरमध्येच उतरला पाहिजे.

योग्यता प्रमाणपत्रासाठी होणारी तपासणी ठरावीक काळानेच होते; लायनर मात्र रोज झिजते. पाण्याच्या टँकरचा ठेका देणारी ग्रामपंचायत, सहलीसाठी बस ठरविणारी शाळा आणि शासकीय वाहनांची व्यवस्था पाहणारे अधिकारी यांनी कागदपत्रांबरोबरच ब्रेकची शेवटची मोजणी केव्हा झाली, हेही विचारावे. खडू, पट्टी आणि थोडा वेळ एवढ्यावर घाटाखालच्या वस्तीची सुरक्षितता अवलंबून असू शकते.