सव्वा महिना आणि 30 दिवस

औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात हेन्री मूर या विख्यात शिल्पकाराचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. लोक बहुधा रविवर्म्याची चित्रे पाहावयास येतात. आमची चार वर्षांची नात मात्र गेल्या दिवाळीत त्या शिल्पापाशी थबकली. “आबा, ह्यातलं बाळ कुठलं?” असे विचारून तिने स्वतःच बोट दाखविले. तिला ते दिसले, एवढ्यानेच माझे डोळे भरून आले.

ही नात 31व्या आठवड्यात जन्मली. 37 आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते. 2020 साली जगात अशी सुमारे 1 कोटी 34 लाख बाळे जन्मली, म्हणजे दर दहांत एक. त्यांपैकी तीस लाखांच्या आसपास आपल्या देशात. नातीचे वजन 1 किलो 350 ग्रॅम भरले. आमचे किराणा दुकान. तिच्याहून जड साखरेच्या पुड्या आम्ही रोज बांधतो. तिला रहिमतपूरमार्गे साताऱ्यास नेताना गाडीत कोणी बोलले नाही.

घरी मात्र बोलणे थांबेना. सातव्या महिन्याचे जगते, आठव्याचे जगत नाही, ही समजूत आमच्या वहिनींच्या तोंडून निघाली. ती निखालस खोटी आहे. पोटात मिळालेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना नि मेंदूला बळच देतो. सुनेची तर चौकशीच सुरू झाली: जड उचललेस का, जिना किती वेळा चढलीस? आईचा वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी बाळे अशी कारणे असतात, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पेढे आम्ही वाटले नाहीत. नातलगांना कळविलेही नाही. या लपवालपवीत मीही होतो.

रुग्णालयात परिचारिकेने माझ्या मुलास सदरा काढून बसविले आणि टोपडे-लंगोटातील बाळ त्याच्या उघड्या छातीवर उभे ठेवून वरून पांघरूण घातले. ही ‘कांगारू’ पद्धत. 1978 साली कोलंबियातील बोगोटा येथे, काचपेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा ती सुरू झाली. आज ती गरिबाची सोय राहिलेली नाही. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि 2021 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही ऊब मिळालेल्या लहान बाळांचे पहिल्या 28 दिवसांतील मृत्यू 25 टक्क्यांनी कमी आढळले. आईइतकीच ती वडिलांना आणि आजीलाही देता येते. दुधाचेही तसेच. आईचे दूध सर्वोत्तम; ते पुरत नसेल तर दात्या मातांचे. त्यासाठी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली मुंबईच्या शीव रुग्णालयात उभारली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरगुती काळजी शिकविली. 39 गावांतील नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. आज आशाताई घरी येऊन बाळाचे वजन नि ताप पाहतात, त्याचे मूळ तेथे आहे.

चोविसाव्या दिवशी नात घरी आली. हायसे वाटले, आणि नेमकी तेथेच आमची चूक व्हायची होती.

घरी सोडतानाच्या कार्डावर लिहिले होते: डोळ्यांची तपासणी, 28वा दिवस. वहिनी म्हणाल्या, “सव्वा महिना झाल्याशिवाय बाळ उंबऱ्याबाहेर जायचं नाही.” मीही म्हणालो, दहा-बारा दिवसांनी काय बिघडते? ज्याने उभी नोकरी कर्जदारांना हप्त्याची तारीख बजावण्यात घालविली, त्याचे हे उद्गार! सून एरवी मोठ्यांपुढे न बोलणारी. त्या दिवशी तिने कार्ड माझ्या हाती दिले. “बाबा, तुम्हीच वाचा.”

मी वाचले. लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यातील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर पडदा सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. बाहेरून डोळा टपोरा, निरोगी दिसतो. घरच्यांना काहीही कळत नाही. म्हणून 34 आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा 2 किलोहून कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी जन्मापासून 30 दिवसांच्या आत व्हावी लागते. फारच लहान बाळाची त्याहूनही आधी. सव्वा महिन्याची चाल पूर्ण दिवसांच्या बाळास जपण्यासाठी पडली असेल. या बाळांसाठी ती तारीख उलटून गेलेली असते.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही गेलो. आठवड्याने पुन्हा बोलावले, आणि त्या दुसऱ्या तपासणीनंतर लेझर उपचार करावा लागला. सव्वा महिना धरून बसलो असतो, तर पहिली तपासणीही तोवर झाली नसती.

17 नोव्हेंबरला जागतिक अकालजन्म दिनानिमित्त जांभळे दिवे लागतात; लागोत. आपल्या पेढ्या-दुकानांतून याहून उपयुक्त गोष्टी घडू शकतात. सरकारी रुग्णालयातील नवजात अतिदक्षता कक्षात आजारी बाळावर मोफत उपचार होतात. पण रोज साताऱ्याची खेप, बुडालेली मजुरी आणि आईच्या पोटात जाणारे दोन घास यांचे काय? बाळास छातीशी धरून बसणाऱ्या बापाला तासातासाला दुकानातून फोन गेला, तर तो बसणार कसा?

या पावसाळ्यात आमच्या दुकानातील तरुण नोकराच्या घरी बत्तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला. दादांनी, किंचित कुरकुरत का होईना, त्याला महिनाभराची भरपगारी रजा दिली आणि जाण्यायेण्यास दुकानाची गाडी लावून दिली. वहिनींनी त्याच्या आईला फोन केला. वजन त्यांनी विचारलेच नाही. डोळ्यांच्या तपासणीची तारीख कोणती दिली आहे, ते विचारून घेतले आणि आमच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवले.