ज्याच्या डोळ्यांना जो रंग मानवेल

दसरा-दिवाळी जवळ आली म्हणजे घराला रंग देण्याची बोलणी सुरू होतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला कोणता रंग खपेल, देवघराला कोणता शोभेल, वडीलधाऱ्यांच्या खोलीत कोणता शांत वाटेल, यावर घरातील सर्वांची मते पडतात. परंतु ज्याच्यासमोर आज अनेक घरांतील माणसे रोज कित्येक तास बसतात, त्या संगणकाच्या पडद्याचा रंगही आपल्याला निवडता येतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. यंत्र घरी आले तेव्हा जो रंग होता, तोच वर्षानुवर्षे चालू राहतो.

माझ्यापुढे हा प्रश्न आला तो सासूबाईंमुळे. त्या निवृत्त शिक्षिका. दुपारी संगणकावर वर्तमानपत्र वाचावयाचे आणि मग नातवंडांसाठी आपल्या बालपणीच्या आठवणी लिहावयाच्या, असा त्यांचा क्रम होता. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रियेची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. एके दिवशी त्यांनी संगणक बंद केला व म्हणाल्या, “अगं, अक्षरे दिसत नाहीत असे नाही, पण त्यांच्या मागचा तो पांढरा उजेडच डोळ्यांवर येतो.” आठवणींची वही, म्हणजे संगणकातील ती फाइल, अर्धवट राहिली.

त्यांच्या त्या एका वाक्यातच दुखण्याचे मूळ होते. कागद दिव्याचा प्रकाश परावर्तित करतो. पडदा स्वतःच प्रकाश टाकतो. मोतीबिंदूमुळे डोळ्यातील भिंग गढूळ झाले म्हणजे आत येणारा प्रकाश विखुरतो, आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचा उजेड अक्षरांवर पसरून ती फिकी पडतात. पार्श्वभूमी गडद आणि अक्षरे उजळ ठेवली, तर विखुरण्यास मुळात प्रकाशच थोडा उरतो. निरोगी डोळ्यांची गोष्ट निराळी. त्यांना उजेडाच्या खोलीत पांढऱ्यावरील काळी अक्षरे वाचणे सामान्यतः सोपे जाते. सर्वांना मानवेल असा एकच रंग नाही, हा याचा अर्थ.

आमच्या संगणकावर ‘लिनक्स मिंट’ ही प्रणाली आहे. लिनक्सचा गाभा लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहावयास घेतला. आपण पडद्यावर जे पाहतो ते मात्र या गाभ्याहून वेगळे असते. त्यासाठी ‘केडीई’चे काम १९९६ मध्ये आणि ‘ग्नोम’चे १९९७ मध्ये सुरू झाले; मिंटवर ‘सिनॅमन’ हा त्याच जातीचा एक डेस्कटॉप मिळतो. इमारतीचा सांगाडा एक आणि आतील सजावट निरनिराळी, असा हा प्रकार आहे. म्हणून सांगाड्याला धक्का न लावता सजावट बदलता येते.

या सजावटीला ‘थीम’ म्हणतात. खिडक्यांच्या चौकटी, बटणे व याद्या, चिन्हे, माउसचा बाण आणि खालची पट्टी ही तिची अंगे होत. ‘सिस्टीम सेटिंग्ज’मधील ‘थीम्स’ हा विभाग उघडला की उजळ, गडद किंवा मिश्र रूप निवडता येते. पडद्यावरील प्रत्येक रंग लाल, हिरवा व निळा यांच्या शून्य ते २५५ या मापांनी बनतो. त्यातून १,६७,७७,२१६ मिश्रणे संभवतात. मात्र निवड करताना शोभेपेक्षा अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील अंतर पाहावे. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात ते २१ ला १ असते. साध्या मजकुरासाठी ते निदान साडेचारास एक असावे, असे वेब-सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय संकेत सांगतात.

सासूबाईंसाठी मी गडद राखाडी पार्श्वभूमी आणि फिकट पिवळसर अक्षरे योजली. तेव्हा एक गोष्ट कळली. थीम बदलल्याने वर्तमानपत्राचे पान किंवा लिहिण्याचा कागद आपोआप बदलतोच असे नाही. ब्राउझर आणि ‘लिब्रेऑफिस’ यांच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये रंगांची वेगळी सोय असते. तेथेही बदल करावा लागला. शिवाय प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवले, तर प्रत्येकाची निवड त्याच्याच खात्यात राहते. सासूबाईंचा पडदा गडद झाला, माझा पांढराच राहिला, आणि मुलाने आपला चक्क जांभळा केला. एकाच यंत्रावर तिघे सुखाने नांदू लागलो.

या स्वातंत्र्यावर वादही झाला आहे. २०१९ साली ग्नोमसाठी कार्यक्रम लिहिणाऱ्या काही जणांनी लिनक्सच्या वितरकांना उघड पत्र लिहिले. परस्पर थीम चढवल्याने आमच्या कार्यक्रमांतील अक्षरे दिसेनाशी होतात, चिन्हांचे अर्थ बदलतात, अशी त्यांची तक्रार होती. स्वतःच्या यंत्रावर कोणी खटपट करावी, याला त्यांची हरकत नव्हती. पुढे मार्च २०२२ मध्ये ग्नोमच्या ४२ व्या आवृत्तीत गडद रूपाची एक सर्वसाधारण निवड आली आणि कार्यक्रम स्वतःच तिला प्रतिसाद देऊ लागले. गवंड्याचे म्हणणे आणि घरधन्याची गरज, दोन्हींना जागा देणारी ही वाट होय.

सावधगिरीचा एक शब्द सांगणे अवश्य आहे. मार्च २०२४ मध्ये केडीईची एक संपूर्ण थीम उतरवून बसवणाऱ्या एका वापरकर्त्याच्या साऱ्या फाइली पुसल्या गेल्या. काही थीममध्ये रंगांबरोबर यंत्राला द्यावयाच्या आज्ञाही असतात, हे त्याचे कारण. म्हणून प्रथम प्रणालीबरोबर आलेल्या थीमच वापराव्यात, आणि बाहेरची घेण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून ठेवावी. तसेच पडद्याचा रंग हा औषधोपचार नव्हे. डोळ्यांची तक्रार डॉक्टरांकडेच न्यावी.

त्या दोन महिन्यांत सासूबाईंनी आठवणींची आणखी नऊ प्रकरणे लिहिली. दोन्ही डोळ्यांच्या शस्त्रक्रिया यथाकाल पार पडल्या. काही आठवड्यांनी त्या संगणकापुढे बसल्या, क्षणभर पाहिले आणि म्हणाल्या, “आता हा काळोख कशाला? माझा पांढरा कागद मला परत दे.”

मी उठले, तोच त्यांनी हाताने थांबवले. “राहू दे. कुठे असते ते दाखव, मीच करते.”