गोंडी तेलुगूची बहीण, शेजारची कोलामी मात्र दुसऱ्या शाखेची

ग्वारीघाट (जबलपूर) : ग्वारीघाट येथे नर्मदा ओलांडणारा लोहमार्ग नैनपूर, बालाघाटमार्गे महाराष्ट्रातील गोंदियाला पोहोचतो. हा मार्ग गोंडी भाषेच्या प्रदेशातून जातो. सभोवती हिंदी व मराठी असल्या, तरी गोंडीचे कूळ इंडो-आर्य नसून द्राविडी आहे.

भाषाशास्त्रज्ञ भद्रिराजू कृष्णमूर्ती यांच्या वर्गीकरणानुसार द्राविडी कुळाच्या चार शाखा आहेत. तमिळ, मल्याळम, कन्नड व तुळू दक्षिण शाखेत येतात. तेलुगू, गोंडी, कुई व कुवी दक्षिण-मध्य शाखेत. कोलामी व परजी मध्य शाखेच्या, तर कुडुख, माल्टो आणि बलुचिस्तानातील ब्राहुई उत्तर शाखेच्या भाषा होत.

भौगोलिक जवळीक हा या विभागणीचा निकष नाही. मूळ भाषेपासून दूर जाताना ज्या भाषांनी समान बदल स्वीकारले, त्या एका शाखेच्या मानल्या जातात. ‘दोन’ या अर्थाचा तमिळ शब्द ‘इरंडु’ आरंभीचा स्वर टिकवून आहे. तेलुगूत ‘रेंडु’ आणि गोंडीत ‘रंड’ होताना तो स्वर आरंभीच्या जागेवरून हटला. अशा समान बदलांमुळेच सातपुड्यातील गोंडीचे नाते तेलुगूशी जुळते. याउलट, विदर्भात गोंडीच्या शेजारी नांदणारी यवतमाळची कोलामी निराळ्या शाखेत जाते. मेळघाटातील कोरकू तर द्राविडीही नाही. ती मुंडा गटातील आहे.

गोंडीअंतर्गतही मोठे वैविध्य आहे. गडचिरोलीतील माडिया याच गटात मोडते. मंडला आणि आदिलाबाद येथील बोलींत बराच फरक आहे. मध्य प्रदेश व महाराष्ट्रात गोंडीसाठी देवनागरी, तर तेलंगणात तेलुगू लिपी वापरली जाते. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तिच्यासाठी स्वतंत्र लिपी तयार केली होती. त्यामुळे शालेय पाठ्यपुस्तके कोणत्या बोलीत व कोणत्या लिपीत काढावीत, हा प्रश्न व्यवहाराचा ठरतो.

२०११ च्या जनगणनेत सुमारे २९.८ लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा नोंदविली. गोंड जमातीची लोकसंख्या मात्र एक कोटीहून अधिक आहे. बहुसंख्य गोंड कुटुंबे हिंदी, छत्तीसगढी, मराठी अशा भाषांकडे वळल्याचे या तफावतीतून दिसते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांत संथाळी व बोडो आहेत. गोंडीचा समावेश नाही. जबलपूरलगतच्या गढा येथून एकेकाळी गोंड राजांनी राज्य केले. आज ग्वारीघाटावर प्रामुख्याने हिंदी व बुंदेलीच कानी पडते.